विकीचे स्थलांतर आणि कर्त्याचा प्रश्न

टीम विकी स्वतःच्या सर्व्हरवरून क्लाउडवर नेताना पाने, चित्रे आणि जोडलेल्या फायली सहसा मुकाट्याने जातात. अडते ते माणसांपाशी. जुन्या यादीतला ‘एस. पाटील’ आणि नव्या यादीतला ‘सुनील पाटील’ एकच की दोन, हे यंत्राला ठाऊक नसते. ते कोणीतरी ठरवावे लागते. नाव बदलले, ठिकाण बदलले, तरी ‘तोच हा’ असे कशाच्या आधारावर म्हणायचे, हा प्रश्न संगणकाच्या फार आधीचा आहे आणि भारतीय दर्शनांत त्यावर शतकानुशतके वाद झाला आहे.

वसई-विरारच्या मातीला तो परका नाही. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे येथे सापडले आणि 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी येथल्या स्तूपाचे उत्खनन केले. बौद्ध परंपरेतला व्यापारी आणि पुढे भिक्षू झालेला ‘पूर्ण’ हाही याच बंदराचा. बौद्धांचे म्हणणे असे की, एका क्षणापासून दुसऱ्या क्षणापर्यंत टिकून राहणारा आत्मा नाही. आहे तो कारणकार्यांचा अखंड प्रवाह, म्हणजे संतान. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आंबेचोराचा दाखला येतो. मालकाने लावले ते आंबे वेगळे आणि आपण तोडले ते वेगळे, असा बचाव चोर करतो. ग्रंथातल्या भिक्षू नागसेनाला तो मान्य नाही, कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यांतूनच उपजले. एकरूपता नसली तरी जबाबदारी सुटत नाही.

नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, हे पुरेसे वाटत नाही. डोळ्यांनी पाहिले तेच हाताने चाचपले, असे म्हणणारा कोणी एक स्थिर असायलाच हवा, असा त्यांचा युक्तिवाद. तसा कोणी नसेल तर दोन दोष येतात, असे ते बजावतात. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला मिळत नाही, हा कृतनाश. आणि न केलेल्याचे फळ भलत्याच्या पदरी पडते, हा अकृताभ्यागम.

विकीच्या प्रशासकाला याहून नेमकी कसोटी शोधून सापडणार नाही. अ‍ॅटलासियन कंपनीने आपल्या कॉन्फ्लुअन्स या विकी-प्रणालीच्या सर्व्हर आवृत्तीचा आधार 15 फेब्रुवारी 2024 रोजी बंद केला, तेव्हा अनेक कार्यालयांपुढे हे काम आले. क्लाउडवर प्रत्येक वापरकर्त्याला एक खाते-क्रमांक मिळतो. नाव बदला, ईमेल बदला, क्रमांक तोच राहतो. नैयायिकांच्या आत्म्याशी त्याचे बरेच साम्य आहे. पण हा क्रमांक पलीकडचा. ओलांडताना जुना पासवर्ड येत नाही, जुनी ओळख-खूण येत नाही. ईमेल जुळला की जुन्या खात्याच्या आधारावर नवे खाते उभे राहते, एवढेच. थोडक्यात, प्रणालीच्या आत नैयायिकांचे खरे, उंबरठ्यावर मात्र बौद्धांचे. तेथे जपायचा तो कारणाचा धागा, आणि तो सगळा ईमेलवर लोंबकळतो. म्हणून चुकीचे, रिकामे किंवा दोघांना लावलेले ईमेल आधीच दुरुस्त करावे लागतात. हे काम कंटाळवाणे खरे, पण त्याला बगल देता येत नाही.

वालीव किंवा सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा सुटे भाग बनवणारा कारखाना घ्यावा. तेथे ‘प्रॉडक्शन’ नावाचे एकच खाते तिन्ही पाळ्यांचे सुपरवायझर वापरतात. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. डायच्या सेटिंगचे पान रात्रपाळीने बदलले आणि सकाळी माल रिजेक्ट झाला, तर इतिहासात दिसते फक्त ‘प्रॉडक्शन’. स्थलांतरात हे खाते एका सुपरवायझरच्या ईमेलला जोडले की तिघांचे केले-सवरलेले त्या एकट्याच्या माथी. हा शुद्ध अकृताभ्यागम. अशा खात्याला माणसाचे नाव देऊच नये. सामायिक म्हणूनच ते गोठवावे आणि पुढच्या नोंदींसाठी प्रत्येकाला स्वतंत्र खाते काढून द्यावे. गटांच्या बाबतीतही हाच धोका असतो: दोन्हीकडे एकाच नावाचा गट असला तर ते एकत्र होतात आणि ज्याला हिशेबाची पाने दिसायची नव्हती त्याला ती दिसू लागतात.

नाव बदलूनही धागा कसा राखता येतो, हे या भागाने पाहिले आहे. 3 जुलै 2009 रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली; 1 ऑगस्ट 2014 रोजी जिल्हा ठाण्याचा पालघर झाला. वसईच्या नव्या गाड्यांना एमएच-48 मिळाले, तरी एमएच-04च्या जुन्या पाट्या आजही रस्त्यावर दिसतात आणि त्यांच्या मालकीबद्दल कोणी वाद घालत नाही. विकींच्या जगातही असेच घडले: विकिपीडियाने एप्रिल 2015 मध्ये सर्व भाषांतली खाती एकत्र केली, तेव्हा एकाच नावाच्या दोघांपैकी एकाला नाव मिळाले आणि दुसऱ्याच्या नावापुढे मूळ विकीची खूण लागली. मराठीवरचा असेल तर ‘~एमआरविकी’. नाव गेले, पण संपादने ज्याची त्याच्याकडेच राहिली.

सर्वांत कठीण प्रकरण नोकरी सोडून गेलेल्यांचे. त्यांची खाती नेली नाहीत तर त्यांनी लिहिलेली पाने निनावी होतात, हा कृतनाश. उलट, 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि गेलेल्याने तो मागितला तर कार्यालयाला तो सहजासहजी झटकता येणार नाही. कर्म टिकावे पण कर्त्याचे नाव मिटावे, ही मागणी नैयायिकांना विचित्र वाटली असती. बौद्धांना तितकीशी नाही. मात्र मागणी नसताना केवळ यादी आटोपशीर दिसावी म्हणून खाती पुसणे याला कोणत्याच दर्शनाचा आधार नाही. अशी खाती निष्क्रिय करावीत, पुसू नयेत. निष्क्रिय खात्याचे नाव पानावर राहते. पुसलेले अ‍ॅटलासियन खाते 14 दिवसांपर्यंतच परत मिळवता येते, आणि नंतर त्या जागी फक्त ‘माजी वापरकर्ता’ एवढेच उरते.