आजारपणात शब्द काय करतात?

श्रीदत्तजयंती जवळ आली की घरोघरी गुरुचरित्राच्या पोथ्या निघतात, मंदिरात सप्ताहाची यादी लागते. पारायणाला बसणाऱ्यांपैकी काही जण दरवर्षी घरातल्या कोणाच्या तरी आजारासाठी बसलेले असतात. कोणी उघड सांगतं, कोणी फक्त संकल्पात बोलतं. याच संदर्भातला एक प्रश्न वर्षभर माझ्या मनात आहे. आजारी माणसाला स्तोत्र, अभंग किंवा एखादं गाणं ऐकून जे बरं वाटतं, ते खरं असतं की ती नुसती मनाची समजूत? आणि ज्याच्यासाठी म्हटलं तो माणूस बरा झालाच नाही, तर ते म्हणणं वाया गेलं का?

मी काही शास्त्री-पंडित नाही. बी.कॉम. झालो आणि सगळी नोकरी बँकेच्या काउंटरवर काढली. पण गेल्या वर्षी माझी बायपास झाली, आणि हा प्रश्न पोथीतून उठून माझ्या खाटेपाशी येऊन बसला.

ज्यांनी हे ऑपरेशन पाहिलं आहे त्यांना ठाऊक असेल. छातीचं मधलं हाड कापून पुन्हा तारेनं बांधतात. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. कुशीवर वळायची सोय नाही. तीन चेंडूंचं एक प्लॅस्टिकचं यंत्र देतात, त्यात श्वास ओढून चेंडू वर उचलायचे. सुरुवातीला माझा एकच चेंडू कसाबसा हलायचा. वेदना औषधानं कमी होते, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण रात्र फार लांबते. वाचायला घेतलं तर दोन ओळींवर मन ठरत नाही. भेटायला येणारी माणसं आपल्याशी बोलता बोलता आपल्याविषयी बोलू लागतात : पाणी किती प्यायले, शुगर किती आली. हळूहळू माणूस स्वतःलाच फाईलमधला कागद वाटायला लागतो.

अशा स्थितीत पारायण शक्य नव्हतं. एका बैठकीला बसवत नव्हतं आणि सोवळ्याचे नियम दवाखान्यात कुठून पाळणार? सूनबाईंनी फोनवर करुणात्रिपदी लावली, अगदी हळू, उशीपाशी. प. पू. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांची ही तीन पदं आपल्याकडे कोणाला नवीन आहेत? आमच्या सांगलीकडच्या माणसाच्या कानावर ती लहानपणापासून असतात. वाडीला पालखीच्या वेळी आईचा हात धरून ती ऐकलेली. पहिल्या रात्री मला अर्थ कळत होता असं म्हणवत नाही. पुढची ओळ कोणती येणार एवढं मात्र माहीत होतं आणि ती येत होती. इतकंच. पण दिवसभरात दुसरी कुठलीच गोष्ट अशी भरवशाची नव्हती.

बँकेत संगणक येण्याआधी संध्याकाळी आम्ही 'कॉलिंग' करायचो. एकानं दिवसभराच्या नोंदी मोठ्यानं वाचायच्या, दुसऱ्यानं समोरच्या वहीत बघून टिक मारायची. आकडे दोघांसमोर असायचे, त्यात नवीन काही नसायचं. तरीही एकानं म्हटलं आणि दुसऱ्यानं 'हं' म्हटलं की काम पक्कं झालं असं वाटायचं. रोजचं स्तोत्र मला तसंच वाटलं. आजारी माणसाला नवीन माहिती नको असते, ती डॉक्टरांकडून हवी तेवढी मिळते. आपल्याला माहीत असलेलं कोणीतरी पुन्हा म्हणावं आणि आपण आतून 'हं' म्हणावं, ही त्याची गरज असते.

माझा मुलगा इंजिनिअर. तो म्हणाला, "बाबा, याला शास्त्रीय कारण आहे. म्हणताना श्वास लांबतो, त्यामुळे शांत वाटतं. शब्द कुठलेही चालतील." त्याचं म्हणणं खोटं नाही. २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांनी असा अभ्यास प्रसिद्ध केला होता. लॅटिन भाषेतली जपमाळेची प्रार्थना आणि एक योगमंत्र या दोन्हींच्या पठणानं श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येते आणि हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम होतो, असं त्यांना दिसलं. मला तर हे वाचून आनंदच झाला. पदाचा एक चरण एका श्वासात म्हणता येऊ लागला तेव्हा यंत्रातला दुसरा चेंडूही उचलायला लागला होता, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

पण 'शब्द कुठलेही चालतील' इथे माझं त्याच्याशी जुळत नाही. श्वासाला कुठलेही चालतील, माणसाला चालत नाहीत. त्या पदांत माझ्या आईचा आवाज आहे, वाडीच्या घाटाचा गारवा आहे, शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसांचा सूर आहे. ते शब्द ऐकताना मी खाट नंबर अमुकचा पेशंट राहत नव्हतो, त्या गर्दीतला एक होत होतो. मोजपट्टीनं श्वास मोजता येतो, ही सोबत मोजता येत नाही. म्हणून ती नाही असं कसं म्हणावं?

इथे पं. कुमार गंधर्वांची आठवण होते. ऐन तारुण्यात, नाव सर्वतोमुखी झालेलं असताना त्यांना क्षयरोगानं गाठलं. १९४८ साली हवापालटासाठी ते मध्य भारतातल्या देवासला गेले. पुढची काही वर्षं खाटेवर गेली आणि गायला बंदी. स्ट्रेप्टोमायसिन हे त्या काळी नवं असलेलं औषध त्यांना मिळालं आणि पत्नी भानुमतीबाईंनी मनापासून शुश्रूषा केली, म्हणून ते उठले. हे आधी सांगितलं पाहिजे, कारण गाण्यानं क्षय बरा होत नाही. पण त्या पडून राहण्याच्या काळात त्यांच्या कानावर माळव्यातली लोकगीतं पडत राहिली. ती त्यांनी मनात साठवली. बरे झाल्यावर त्या धुनांतून नवे राग उभे केले, आणि पुढे नाथपंथी परंपरेच्या ढंगानं त्यांनी गायलेली निर्गुणी भजनं आज घरोघरी ऐकली जातात. नाथ संप्रदाय श्रीदत्तात्रेयांना किती मानतो, हे या अंकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. माळव्यात लग्नकार्यात, सणावाराला गाणाऱ्या त्या बायाबापड्या एखाद्या रोग्यासाठी गात नव्हत्या. कुणी खाटेवर पडून ऐकत असेल हे त्यांच्या गावीही नसेल. आधार असाही येतो, न मागता आणि देणाऱ्याला न कळता. म्हणून रोज वेळेवर आरती करणाऱ्यानं 'ऐकायला कोण आहे' असं कधी म्हणू नये. समोरच्या इमारतीत खिडकी उघडी ठेवून कोणी पडलेलं असेल.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. माझ्या शेजारच्या खाटेवर शिरोळकडचे एक गृहस्थ होते, एस.टी.तून निवृत्त झालेले चालक. त्रिपदी त्यांना तोंडपाठ. माझ्या फोनवर ती लागली की ते डोळे मिटून पुटपुटायचे, आणि फोनची बॅटरी संपली की स्वतःच पुढचं म्हणायचे. आम्ही दोघं मिळून म्हणायचो, मी अर्धा चरण, ते अर्धा. माझी प्रकृती सुधारत गेली, त्यांची खालावत गेली. मी घरी आल्यावर आठवड्यानं ते गेल्याचं कळलं. महिन्याभरानं मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्यांच्या मंडळींनी चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, मालक शेवटपर्यंत म्हणत हुते की वो. मग म्हणण्याचा काय उपयोग झाला?"

या प्रश्नाला 'देवाची मर्जी' म्हणून उत्तर देणं सोपं आहे, 'पूर्वकर्म' म्हणणं त्याहून सोपं. पण समोर बसलेल्या बाईला ते म्हणणं मला माणुसकीला धरून वाटलं नाही, आजही वाटत नाही. आपण दोघांनी तेच शब्द म्हटले. एक उठला, एक गेला. शब्दांचं काम शरीर बरं करण्याचं असेल, तर हा हिशोब कुठल्याही खतावणीत जुळत नाही.

म्हणून त्या पदांकडेच पुन्हा बघावंसं वाटलं. त्यात सौदा नाही. अपराधाबद्दल गुरूनं दंड उगारला तरी आम्ही गातच राहू आणि पायाशीच येऊ, असा त्याचा भाव आहे. 'बरं कर, मग गाईन' असं तिथे कुठे म्हटलेलं नाही. आणि हे लिहिणारे टेंबे स्वामी स्वतः कसे होते? संग्रहणीच्या दुखण्यानं त्यांना दीर्घकाळ त्रास दिला, असं त्यांच्या चरित्रांत आहे. त्याच देहानं त्यांनी भारतभर पायी भ्रमण केलं, आणि ज्यांच्या शब्दांवर आपण संकटात भिस्त ठेवतो ती स्तोत्रं रचली. स्वतःचं दुखणं जाणं ही त्यांच्या भक्तीची अट नव्हती.

गुरुचरित्रातल्या तेराव्या अध्यायातला पोटशूळाचा ब्राह्मण आठवा. अन्न घेतलं की पोटात असह्य कळा, म्हणून तो जीव द्यायला गोदावरीत उतरला. श्रीगुरूंनी त्याला जेवू घालून बरं केलं, ते आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण जेवणाच्या आधी काय घडलं? श्रीगुरूंनी त्याला शिष्यांकरवी बोलावून आणलं, जवळ घेतलं आणि 'तुला काय होतंय' हे विचारलं. औषध नंतर आलं. आधी त्याला नदीतून मागे वळवलं ते हाकेनं. मला वाटतं, शब्दांचं काम एवढंच आणि एवढं मोठं आहे : एकट्या पडलेल्याला हाक मारून माणसांत परत आणणं. त्यापुढचं बरं होणं-न होणं डॉक्टरांच्या आणि श्रीगुरूंच्या हाती.

या दृष्टीनं पाहिलं तर त्या गृहस्थांचं म्हणणं वाया गेलं नाही. ते शेवटपर्यंत एकटे नव्हते. आणि अर्धा चरण त्यांनी पुरा केला म्हणून मीही नव्हतो. त्यांच्या मंडळींना मी इतकंच सांगितलं : "वहिनी, त्यांचा उपयोग मला झाला." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि काय काय म्हणायचं ते? सांगा की." मी सांगत बसलो. मृत्यूचं कोडं त्यानं सुटलं असं मी म्हणणार नाही.

काही जणांना वाटतं, दुखण्यात देव आठवणं म्हणजे स्वार्थ. 'अडलं की दत्त आठवतो' असं आपण थट्टेनं म्हणतोही. पण भगवंतांनी गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले, त्यात पहिलं नाव आर्ताचं, म्हणजे दुःखानं गांजलेल्याचं आहे. ज्ञानी भक्त त्यांना सर्वांत जवळचा, तरी चौघांनाही त्यांनी उदारच म्हटलं आहे. जिथे भगवंतच आर्ताला हिणवत नाहीत, तिथे आपण कोण हिणवणार?

हे पटलं तर आपल्यावर, म्हणजे ज्यांचे हातपाय आज चालतात त्यांच्यावर, एक जबाबदारी येते. आजाऱ्याला पोथी कोणी तरी वाचून दाखवावी लागते, त्याला स्वतःला ती धरवत नाही. तेव्हा अनुभवानं सुचलेलं थोडं सांगतो. भेटायला गेल्यावर आधी विचारा, 'म्हणू का?' आणि तो नको म्हणाला तर नुसते शेजारी बसा. आवाज हळू ठेवा, शेजारच्या खाटेवरही कोणी झोपलेलं असतं. त्याच्या लहानपणापासूनचं जे असेल ते म्हणा. ते स्तोत्रच हवं असं नाही. भीमसेनांचा अभंग असेल, नाट्यपद असेल, जात्यावरची ओवीही चालेल. गोळ्या वेळेवर द्या, स्तोत्र त्यांच्या जागी देऊ नका. आणि 'अमुक पारायण केलं असतं तर ही वेळ आली नसती' हे वाक्य आजाऱ्यापुढे कधीही उच्चारू नका. आधाराचे शब्द आरोपपत्र झाले तर त्यांच्यासारखं क्रूर दुसरं काही नाही.

या मार्गशीर्षात सप्ताहाला बसणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. त्या सात दिवसांत एखाद्या संध्याकाळी आपल्या गल्लीतल्या, ज्याला मंदिरात येणं जमत नाही अशा एका माणसाकडे जा. पंधरा मिनिटं बसा. त्याला येत असेल ते पद सुरू करा आणि अर्ध्यावर थांबा. उरलेलं तो म्हणेल.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥