खाडीपाशी थांबणारा रस्ता

रेवसच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर उरणचे करंजे दिसते. मध्ये धरमतरची खाडी. लाँचने पलीकडे जायला फारसा वेळ लागत नाही; गाडी घेऊन जायचे तर पेण-पनवेलचा सगळा वळसा घालावा लागतो. याच धक्क्यापासून रेवस-रेडी हा सागरी महामार्ग सुरू होतो. बॅरिस्टर अ. र. अंतुले 1980 ते 1982 या काळात मुख्यमंत्री होते, मूळचे रायगडातल्याच आंबेतचे. कोकणाला समुद्राच्या कडेने जाणारा एक सलग रस्ता हवा, ही कल्पना त्यांची. लांबी सुमारे पाचशे किलोमीटर, शेवट सिंधुदुर्गात गोव्याच्या सीमेला. चार दशके उलटून गेली, तरी हा रस्ता सलग झालेला नाही. आगरदांड्याला तो पाण्याशी येऊन संपतो, बागमांडल्याला संपतो, दाभोळला संपतो, तवसाळला संपतो. तिथे गाडी फेरीबोटीवर चढवायची, पलीकडच्या काठावर उतरवायची आणि पुढे निघायचे.

शासनाच्या दप्तरी हे अपुरे राहिलेले काम आहे, आणि ते पुरे व्हायला हवे. तरीही मुलांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. तो जागोजागी तुटतो म्हणूनच तो चांगला आहे.

स्वतःच्या गाडीने दूरवर जाणारी मराठी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. पुण्याहून राजस्थान, ठाण्याहून कन्याकुमारी, नागपूरहून समृद्धी महामार्गाने थेट मुंबई. परतल्यावर सांगितले जाते ते असे : पहाटे चारला निघालो, दुपारी दोनला पोचलो, मध्ये फक्त एकदा चहाला थांबलो. या हिशेबात मागच्या सीटवरचे मूल कुठे असते? बहुतेकदा मोबाइलमध्ये. मोठ्यांना थांबणे म्हणजे वाया गेलेला वेळ वाटतो, म्हणून मूल गप्प बसावे यासाठी पडदा हातात दिला जातो. मग त्याला गाडी लागते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतो आहोत, वळतो आहोत. डोळे मात्र स्थिर पडद्यावर खिळलेले. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मळमळते, आणि दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वाधिक होतो. आवळासुपारी, आल्याची वडी, लिंबू यांचा थोडाफार उपयोग होतो. खरा उपाय म्हणजे खिडकीबाहेर लांबवर पाहणे आणि वरचेवर खाली उतरणे. मुलाचे शरीरच थांबा मागत असते.

आणि मन त्याहून जास्त मागते. किलोमीटर हे मुलाचे मापच नाही. जिथे पाय जमिनीला लागले, काहीतरी हातात घेतले, कुणाशी तरी बोलले, तेवढीच त्याची वाट. मधला सगळा भाग त्याच्यासाठी कोरा जातो. म्हणून मुलाबरोबरचा प्रवास किती लांबचा झाला, हे तो किती ठिकाणी थांबला यावरून ठरवावे.

रेवसपासून मुरुडपर्यंतचा पहिलाच टप्पा घ्या. सुमारे पाऊणशे किलोमीटर, म्हणजे घाईच्या माणसाचे दोन-अडीच तास. मांडव्यापुढे सासवणे लागते. शिल्पकार नानासाहेब करमरकरांचे राहते घर तिथे आता संग्रहालय आहे, पुतळे पाहायला मान वर करावी लागत नाही, ते मुलांच्या उंचीला येतात. पुढे किहीम. 1930च्या पावसाळ्यात सालिम अलींनी इथे सुगरण पक्ष्यांवर बारीक नजर ठेवली. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन पारखते, तिला पसंत पडले तरच ते पुरे होते. आणि मग तोच नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी इथे नोंदवले. हे ऐकल्यावर माडाच्या झावळीला लोंबणारे एक रिकामे घरटे मुले किती वेळ न्याहाळतात, ते पाहावे. नवगावला बेने इस्रायली या ज्यू समाजाचे जुने दफनस्थान आहे. गलबत फुटून आपले पूर्वज याच किनाऱ्याला लागले, असे तो समाज मानतो. अलिबागची चुंबकीय वेधशाळा 1904 साली इथे आली, कारण मुंबईत कुलाब्याला विजेवरच्या ट्राम धावू लागणार होत्या आणि त्या विजेने चुंबकसुया बिथरल्या असत्या.

अलिबाग ओलांडले की आक्षी. मराठीतल्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या शिलालेखांपैकी एक इथे उभा आहे. आमच्या धाकट्याने त्यावरून बोट फिरवत विचारले, ‘हे कुणी वाचायचं होतं?’ याचे उत्तर आमच्यापैकी कुणालाही चटकन देता आले नाही. अक्षर ओळखणारे त्या काळी गावात किती असतील, मग दगड उभा करणाऱ्याने तो कुणाला उद्देशून उभा केला, यावर चौलपर्यंत गाडीत बोलणे चालले. चौल हे प्राचीन बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी समुद्रमार्गे चौलला उतरला. शेजारच्या रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की कोर्लई. पोर्तुगीजांची सत्ता इथून 1740 साली गेली, पण किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली, मराठीचा संग लागलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. राज्य गेले आणि भाषा राहिली. इयत्ता चौथीतल्या मुलालाही यातले नवल समजते.

यातले काहीही पाठ करून घेऊ नये. प्रवासाची शाळा करणारे पालक मला घाई करणाऱ्या पालकांइतकेच चुकीचे वाटतात. सगळे पाहून झालेच पाहिजे, हीसुद्धा घाईच. एखादे मूल आक्षीच्या दगडाकडे ढुंकूनही पाहणार नाही आणि वाटेवर विकायला टांगलेल्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या कशा विणल्या आहेत, याच्यातच रमेल. रमू द्यावे.

खाडीची गोष्ट आणखी वेगळी. आगरदांड्याला फेरीबोट पलीकडे गेलेली असली की वाट पाहण्याखेरीज इलाज नसतो. बापाचे वजन, आईची घाई, गाडीची किंमत यांपैकी काहीच तिथे चालत नाही. बोट येईल तेव्हा येईल. मोठ्या माणसांना कुणापुढे तरी थांबावे लागते, हे मुलांना एरवी फार कमी दिसते. रेवसला तर ओहोटीच्या वेळी गाळामुळे लाँच अडतात. तिथले वेळापत्रक चंद्राने ठरवलेले. भरती-ओहोटी पुस्तकात शिकलेल्या मुलाला तिच्यामुळे खोळंबलेली माणसे इथे दिसतात.

आमच्या आधीच्या पिढ्यांनी कोकण असेच ओळखले. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जायची. बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे पडावातून किनाऱ्याला लागत. मे महिन्यात आजोळी जाणाऱ्या मुलांना ही नावे त्याच क्रमाने पाठ असत, कारण प्रत्येक नावाशी एक थांबा, कुणाचे तरी उतरणे आणि कुणाचे तरी चढणे जोडलेले होते.

पण जुन्या प्रवासाचे गोडवे रेवसच्या धक्क्यावर उभे राहून गाता येत नाहीत. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळात उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. गटारी अमावास्येला घरी परतणारी ती माणसे होती आणि या भागातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी अंधार झाला. ज्यांना पाणी ओलांडणे चुकतच नाही, त्यांना ‘थांबण्यातला आनंद’ ऐकवण्याचा अधिकार माझ्यासारख्या सुट्टीत येणाऱ्या माणसाला नाही. रात्री अडलेली बाळंतीण, परीक्षेला निघालेला विद्यार्थी, बर्फावरची मासळी यांच्यासाठी पूल हवेत आणि लवकर हवेत. रेवस-करंजे पुलाचे काम आता हाती घेतले आहे, इतर खाड्यांवरही पूल व्हायचे आहेत. ते झाल्यावर मात्र थांबणे आपोआप घडणार नाही. ते आपल्याला ठरवून करावे लागेल.

आणखी एक बाजू डोळ्यांआड करता येत नाही. याच रायगड जिल्ह्यातली कातकरी मुलेसुद्धा दरवर्षी लांबचा प्रवास करतात. दिवाळीनंतर आईबाप उचल घेऊन वीटभट्टीवर निघतात, टेम्पोत भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरे चढतात. परत येणे पावसाच्या तोंडाशी. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बैलगाड्यांतही मुले असतात. प्रवासाने मूल शहाणे होते, असे आपण सहज म्हणतो. मग ही मुले सगळ्यांत शहाणी ठरायला हवीत. त्यांच्या वाट्याला येते ती शाळेच्या हजेरीपटावरची गैरहजेरी. केवळ रस्ता काही शिकवत नाही. हवे तिथे थांबण्याची मोकळीक आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला उसंत असलेले मोठे माणूस, या दोन गोष्टी असतील तरच प्रवास मुलाचा होतो. आपल्या मुलांना त्या मिळतात हे आपले भाग्य, आणि कातकरी मुलांना भट्टीवर शाळा किंवा गावात हंगामी वसतिगृह मिळावे, हा त्यांचा हक्क.

गाडी हवीच असे मुळीच नाही. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट आहे, 2023पासून बाईलाही अर्धे आहे. आई आणि मूल मिळून एका तिकिटात अलिबागहून मुरुडला जाऊ शकतात. गाडी असेल तर मुलाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊ नये. 2019च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची सीट बंधनकारक आहे, आणि एक हजार रुपयांच्या दंडापेक्षा कितीतरी मोठी किंमत धडकेच्या वेळी मोजावी लागते; मांडीवरचे मूल हातांनी धरून राहत नाही. आणि समुद्रात उतरण्याआधी ओहोटीची वेळ किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारावी. फेब्रुवारी 2016मध्ये मुरुडला सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, ते दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

पूल आखले जात आहेत तोवरच किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी एक मागणी लावून धरावी. पूल झाल्यावर जुने धक्के मोडकळीला येऊ देऊ नयेत. प्रत्येक खाडीकाठी सावली, पिण्याचे पाणी, बायकामुलांना जाता येईल असे स्वच्छ शौचालय आणि गावच्या बायकांना घरगुती जेवण, कोकम सरबत विकता येईल अशी जागा असावी. सागरी महामार्गावर दर तासाच्या अंतरावर एवढी सोय झाली, तर गाड्या थांबतील आणि चार पैसे गावात राहतील. पालकांना सांगणे इतकेच : रेवसहून निघालात तर पहिल्या दिवशी मुरुडच्या पुढे जाऊ नका.