उबेचे अनुदान

थंडीचे नाव मृत्यूच्या दाखल्यावर क्वचितच लिहिले जाते. वार्धक्यात शैत्याची जाणीव मंद होते, रक्तवाहिन्या आकुंचित होऊन रक्तदाब चढतो, रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते, आणि गारठलेल्या खोलीत दिवसचे दिवस काढलेला वृद्ध जेव्हा हृदयविकाराने, पक्षाघाताने किंवा न्यूमोनियाने जातो, तेव्हा दप्तरी नोंद त्या व्याधीची होते, खोलीच्या तापमानाची होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली शीत प्रदेशांतील घरांसाठी सुरक्षित मानलेले तापमान 18 अंश सेल्सिअस आहे. पुण्या-नाशिककडे ती सुखद सकाळ ठरावी, पण ब्रिटनमधील असंख्य वृद्धांना हिवाळ्यात तेवढी ऊबही घरात राखता येत नाही.

थंडी ही निसर्गाची, तिला सरकार काय करणार, असे म्हणणाऱ्यांनी युरोपाकडे पाहावे. हीली या अभ्यासकाने 1988 ते 1997 या काळातील मृत्यूंची तुलना केली, तेव्हा हिवाळ्यात मृत्युसंख्या वाढण्याचे प्रमाण हिमाच्छादित फिनलंडमध्ये 10 टक्के, तर सौम्य हवेच्या पोर्तुगालमध्ये 28 टक्के आढळले. फिनलंडची घरे हिवाळा गृहीत धरून बांधलेली असतात. पोर्तुगालची तशी नसतात.

ब्रिटनच्या सरकारने 1997 साली वृद्धांसाठी हिवाळी इंधन अनुदान मंजूर केले, आणि पुढे ते घरटी 200 पौंड व ऐंशी ओलांडलेल्यांसाठी 300 पौंडांपर्यंत वाढविले. रक्कम रोख, बँकेत जमा होणारी, कशावरही खर्च करावयास मोकळी. तरीही अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की, साध्या वाढीव उत्पन्नातील शंभर पौंडांपैकी जेथे तीनच इंधनावर जावेत, तेथे या अनुदानातील सुमारे 47 गेले. केवळ नावाने एवढे साधले, कारण इंधनासाठी म्हणून आलेला पैसा इंधनावर खर्च करताना काटकसरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला अपराधी वाटत नाही.

आरोग्याचा पुरावा मात्र दुभंगलेला आहे. एका अभ्यासात अनुदान मिळणाऱ्यांच्या रक्तातील फायब्रिनोजेन, म्हणजे दाह व संसर्ग सुचविणारे द्रव्य, घटलेले दिसले. दुसऱ्यात घराच्या तापमानात निश्चित फरक आढळला नाही. माझ्या मते या विसंगतीचे एक कारण अभ्यासाच्या रीतीतच आहे: पात्रतेची रेषा साठीला होती, म्हणून तुलना साठीच्या अलीकडच्या व पलीकडच्या, बहुधा धडधाकट माणसांची झाली, आणि ज्यांच्यासाठी एकेक अंश मोलाचा, ती ऐंशीपुढची माणसे त्या तराजूत आलीच नाहीत. गेल्या शतकाच्या सातव्या दशकात ब्रिटनच्या रुग्णालयांत सेवेस गेलेले कित्येक मराठी डॉक्टर आज त्याच वयात, तेथल्याच घरांत हिवाळा काढीत आहेत. दुसरे कारण भिंतीत आहे: भिंत ऊब राखीत नसेल, तर इंधनावर खर्चलेला पैसा तिच्यातून निसटून जातो. न्यूझीलंडमध्ये 1350 घरांना उष्णतारोधक अस्तर लावून पाहिले, त्याचा निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाला: शयनगृहाचे तापमान जेमतेम अर्ध्या अंशाने वाढले, इंधन कमी लागले, आणि छातीची घरघर व आजारपणाचे दिवस लक्षणीय घटले.

म्हणून भिंतीची दुरुस्ती हाच खरा उपाय. परंतु ब्याऐंशी वर्षांच्या बाईला ती दुरुस्ती होईपर्यंत थांबा असे कोणी सांगावे? 2024 साली ब्रिटनने हे अनुदान गरिबीचा दाखला असणाऱ्यांपुरते मर्यादित केले आणि जवळजवळ एक कोटी वृद्ध त्यातून वगळले गेले. हा दाखला म्हणून प्रामुख्याने धरलेली पेन्शन-पूरक मदत पात्र असूनही सुमारे एकतृतीयांश लोक मागतच नाहीत, कोणी अज्ञानाने, कोणी अर्जाच्या किचकटपणाने, कोणी संकोचाने. म्हणजे खजिन्याची बचत अंशतः गरिबांच्याच लाजेतून होणार होती. 2025 च्या जूनमध्ये सरकारने माघार घेतली आणि इंग्लंड व वेल्समध्ये वार्षिक 35,000 पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना अनुदान पुन्हा लागू केले. तो निर्णय योग्य होता, आणि तो एक हिवाळा उशिरा झाला.