जीर्ण वस्त्राचा उत्तराधिकार

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहान्तर विशद करताना जीर्ण वस्त्रे टाकण्याचा दृष्टान्त योजिला आहे. परंतु त्या टाकलेल्या वस्त्राचे पुढे काय होते, हा प्रश्न तेथे अप्रस्तुत असल्याने अनुत्तरितच राहतो. त्याचे उत्तर बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांच्या विनयपिटकात सापडते. अंतःपुरातील स्त्रियांनी दान केलेल्या पाचशे चीवरांचा, म्हणजे भिक्षुवस्त्रांचा, जाब कौशांबीच्या उदयन राजाने विचारला असता, बुद्धाचा शिष्य आनंद याने जुन्या चीवरांचे पलंगपोस, त्यांची पुढे बैठकीची आच्छादने, मग पायपुसणी, फडकी आणि अखेरीस चिखलात कालवून जमिनीचा गिलावा, असा चोख हिशेब सादर केला.

असाच उत्तराधिकार आजही घडविता येतो. जुन्या बाजारातून आणलेला लोकरीचा स्वेटर कढत पाण्यात घुसळून धुतला, म्हणजे तंतूंवरील सूक्ष्म खवले परस्परांत गुंतून विणीचा घट्ट नमदा बनतो, आणि कात्री चालविली तरी टाके सहसा उसवत नाहीत. मग कमरेची लवचीक पट्टी हातमोज्याच्या मनगटाशी येते, पाठीची कानटोपी होते. हा हातमोजा म्हणजे तोच स्वेटर काय? पुनर्जन्माविषयी विचारणाऱ्या मिलिंद राजास बौद्ध भिक्षू नागसेनाने दिलेले उत्तर येथेही लागू पडते : तोच नव्हे, आणि अन्यही नव्हे.

ज्याअर्थी वस्तूचे आयुष्य आपल्या उपभोगापाशी संपत नाही, त्याअर्थी आपण तिचे मालक नसून केवळ वहिवाटदार ठरतो. कपाट रिकामे करणे सोपे आहे. वस्तूतील सामर्थ्य संपेतो तिला कोणाच्या तरी उपयोगी ठेवणे, हाच खरा अपरिग्रह होय.