घड्याळ रोज बारावर जायचं



आज वाचनात अठराव्या अध्यायातले श्लोक २० ते २२ होते. भगवंत तिथे ज्ञानाचे तीन प्रकार सांगतात, सात्त्विक, राजस आणि तामस. हे श्लोक मी आधी कितीदा तरी वाचलेत आणि दरवेळी एकाच ठिकाणी अडखळलेय. कर्म तामस असू शकतं, आहार तामस असू शकतो, हे पटतं. पण ज्ञान कसं तामस असेल? ज्ञान एकतर बरोबर असतं नाहीतर चूक. गणित चुकलं म्हणून कुणी पापी ठरत नाही. मग जाणण्याला असा नैतिक रंग का दिलाय?

याचं उत्तर मला गेल्या महिन्यात गाडीच्या रेडिओमागे मिळालं. हसू नका, सांगते.

आमची गाडी २००९ ची, बाबांनी घेतलेली हॅचबॅक. कंपनीतूनच बसवून आलेला स्टिरिओ, छोटा हिरवा डिस्प्ले, खाली एक ते सहा अशी उठावदार बटणं. बाबा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. आईला काचबिंदू आहे. समोरचं थोडं दिसतं, कडेचं जवळजवळ नाही. गेलेली नजर परत येत नाही, असलेली टिकवायची, एवढंच डॉक्टरांच्या हातात. आठवड्यातून दोनदा मी तिला फिजिओथेरपीला नेते. गाडीत बसली की ती पट्टा लावायची, हात पुढे करायचा, अंगठ्याने पहिलं बटण चाचपायची, शेजारचं दुसरं दाबायची. १०१, पुणे, विविध भारती. सगळ्या प्रवासात मला न विचारता ती करायची अशी तेवढी एकच गोष्ट.

मग ते स्टेशन जायला लागलं. बटण दाबलं की नुसती खरखर. मी पुन्हा १०१ लावून सेव्ह करायचे, दोन दिवसांनी पुन्हा खरखर. कधी स्पीडब्रेकरवर रेडिओ क्षणभर बंद पडून चालू व्हायचा.

मी कारण शोधून काढलं. या स्टिरिओत बटण जास्त वेळ दाबून धरलं की त्या क्षणी जे लागलेलं असेल तेच तिथे सेव्ह होतं. आईला अंदाज येत नाही, ती दाबून धरत असणार. तर्क बघा किती छान बसतो! मी तिला म्हटलं, "आई, तू बटण दाबून धरतेस गं, म्हणून जातं. असू दे, मी लावत जाईन." अजिबात चिडून नाही. अगदी मायेने.

तिने वाद घातला नाही. चार-पाच वेळा हे झाल्यावर तिने हात पुढे करणं सोडलं. हात मांडीवर ठेवून बसायची. पुढे घरी मिक्सरचं बटण, गॅसची कोणती शेगडी पेटलीये, हेही मला हाक मारून विचारायला लागली. मला वाटलं, नजर आणखी उतरली. डोळ्यांची तपासणी करून आणली, फारसा फरक नव्हता. तरीही मला काही सुचलं नाही.

मित्र म्हणाला, काढून टाक तो डबा, अँड्रॉइड स्क्रीन बसव. एकाने तर "जुन्या वस्तूत जीव अडकवू नये" असं वैराग्यही ऐकवलं. पण सपाट काचेवर बोटाने चाचपून काय सापडणार? म्हणून मी नाना पेठेच्या बाजूला एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेले.

काकांनी स्टिरिओकडे बघितलंही नाही. पहिला प्रश्न, "ताई, घड्याळ कधीपासून बारावर जातंय?"

मी म्हटलं, "ते होय, जुनी गाडी, तसंच आहे ते."

"अलीकडे काही बसवलंय का गाडीत?"

"नाही."

काका काही बोलले नाहीत, फक्त काचेवरच्या डॅशकॅमकडे बघत राहिले. तो मीच आठ महिन्यांपूर्वी बसवून घेतला होता.

त्यांनी पट्टी घालून पुढची चौकट उचकटली, दोन स्क्रू काढले, स्टिरिओ बाहेर ओढला. मागे काळ्या टेपचा एक गोळा. मग त्यांनी समजावलं ते मी जसं समजलं तसं सांगते. अशा स्टिरिओला बारा व्होल्टच्या दोन वायर येतात. एक चावी फिरवल्यावर चालू होते. दुसरी थेट बॅटरीवरून, कायम चालू. गाडी बंद असताना घड्याळ आणि सेव्ह केलेली स्टेशनं तिच्यावर जिवंत राहतात. डॅशकॅमला करंट घेताना कुणीतरी कायमची वायर तोडून तिचं स्टिरिओकडचं टोक चावीच्या वायरला पिळून वर टेप मारली होती. त्यामुळे गाडी चालू असताना रेडिओ उत्तम, चावी काढली की सगळं विसरला. आणि तो जोड नुसता पिळलेला, म्हणून खड्ड्यात सुटायचा.

काकांनी वायरच्या रंगावर विश्वास ठेवला नाही. टेस्ट लॅम्प घेतला. मीटर का नाही, विचारलं तर म्हणाले, वायरीचा एकच तार शिल्लक असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, बल्ब लावला की खरं कळतं. मागे लोंबणाऱ्या तुटक्या टोकाला लॅम्प लावला. चावी काढलेली होती, तरी बल्ब लागला. आठ महिने तिथे करंट येतच होता. सोल्डर केलं, वर हीट श्रिंकची नळी, साडेतीनशे रुपये. अर्धा तास.

घरी येताना सिग्नलला उभी असताना श्लोक २२ आठवला. एकाच तुकड्याला धरून बसायचं, तोच म्हणजे सगळं असं मानायचं, त्याला ना कारणाचा आधार ना सत्याचा. माझा तुकडा म्हणजे आईचा अंगठा.

मी स्वतःची वकिली करून बघितली. मला वायरिंग कुठे कळतं? न कळणं हा गुन्हा आहे का? नाही. पण घड्याळ कळायला वायरिंग शिकावं लागत नाही. रोज सकाळी ते डोळ्यांसमोर १२:०० दाखवत होतं, आणि घड्याळाला आई हात लावत नव्हती. म्हणजे माझ्या तर्काविरुद्धचा पुरावा त्याच डिस्प्लेवर हिरव्या अक्षरात होता. तो मी बघितला नाही कारण बघण्याची गरज नव्हती. आईचा अंगठा हे कारण मला फुकटात पडत होतं. दुसरं कुठलंही कारण शोधलं असतं तर ते माझ्या डॅशकॅमपर्यंत आलं असतं.

मला वाटतं ज्ञान तामस होतं ते इथे. चुकलं म्हणून नाही, सोयीच्या जागी थांबलं म्हणून. आणि एक गोष्ट मला जास्त टोचते. मी रागावले असते तर आई भांडली असती, "मी नाही धरत दाबून" म्हणाली असती, कदाचित मी विचार केला असता. माझ्या मायेने तिला बोलायला जागाच ठेवली नाही. समजूतदार मुलीशी कोण वाद घालणार? डोळे गेल्यावर बोटांवर तिचा जो भरवसा उरला होता, तो मी प्रेमाने काढून घेतला. (ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांनी आपली "असू दे गं" मोजून बघा. मी मोजली, थांबले.)

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. वायर, टेप, डॅशकॅम. माझं चुकलं हेही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी दाबत होते ते बरोबर होतं?"

"हो आई. पहिल्यापासून."

"मला वाटायचंच," ती म्हणाली, आणि भाजी निवडायला लागली.

याला तीन आठवडे झाले. घड्याळ बरोबर वेळ दाखवतंय, १०१ जागेवर आहे. मिक्सरचं आता विचारत नाही. पण गाडीत बसल्यावर हात पुढे नेऊन परवाही ती थांबली आणि म्हणाली, "दाबू का गं?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस?"

दाबलं तिने. गाणं अर्ध्यावर आलेलं होतं.