टीका आणि थाप

निवडणूक आली की सभ्य माणसांना सभ्यता आठवते. नकारात्मक प्रचार नको, उणीदुणी काढू नका, विकासावर बोला, असं सांगत फिरतात. ऐकायला बरं वाटतं. पण दोस्तांनो, हे कोण कुणाला सांगतंय ते बघा. ज्याच्या हातात सत्ता, पैसा आणि छापखाना आहे, तो खुशाल स्वतःची आरती ओवाळील. आपल्याकडे काय असतं? हिशेब असतो. कुणी काय कबूल केलं आणि काय बुडवलं, याचा. तो मांडायचा म्हटला की दुसऱ्याचं उणं निघणारच. मग 'उणीदुणी काढू नका' याचा सरळ अर्थ 'गप बसा' असा होतो.

तेव्हा माझी भूमिका अशी : टीका वेगळी आणि थाप वेगळी. टीका कितीही झोंबो, तो आपला हक्क आहे. थाप मात्र आपल्या फायद्याची असली तरी मारायची नाही.

बाबासाहेबांचं काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं याचा जाब विचारणारं इंग्रजी पुस्तक १९४५ साली निघालं. निवडणुका तोंडावर होत्या. पुस्तक पहिल्या पानापासून हल्ला करतं. आजच्या भाषेत शंभर टक्के नकारात्मक. पण त्यात ठराव आहेत, पत्रव्यवहार आहे, निवडणुकीचे आकडे आहेत, मागे परिशिष्टं आहेत. आणि वर लिहिणाऱ्याचं नाव आहे. म्हणून तर राजगोपालाचारी आणि के. संथानम यांना त्याला उत्तरं लिहिता आली. टीकेला उत्तर देता येतं. थापेचं उत्तर येईस्तोवर मतमोजणी उरकलेली असते.

आता १९५२ घ्या. उत्तर मुंबईत दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मतं, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. दोन्ही मतं एकाच पेटीत टाकली की त्यातलं एक बाद. कम्युनिस्टांचे डांगे सर्वसाधारण जागेवर उभे होते. त्यांच्या बाजूने मतं कुजवण्याचा प्रचार झाला, हे आपल्या वस्त्यांत आजही सांगतात. ७४,३३३ मतं बाद झाली आणि काजरोळकर १४,५६१ मतांनी निवडून आले. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निकालाविरुद्ध अर्ज केला, तो फेटाळला गेला.

या गोष्टीवर आपण चिडतो. चिडावंच. पण तिची फोड करून बघू. 'आंबेडकरांना मत देऊ नका, दुसरं मत वाया गेलं तरी चालेल,' असं कुणी चौकात उघड सांगितलं, तर तो वैराचा प्रचार. कडवट आहे, पण आपण काय करतोय हे मतदाराला कळतंय. आणि 'दोन्ही मतं एकाच पेटीत टाक, दोन्ही मोजली जातील,' असं कुणी एखाद्या निरक्षर गिरणी कामगाराला सांगितलं असेल, तर ती चोरी. पहिल्या ठिकाणी माणूस आपलं मत वाया घालवतो. दुसऱ्या ठिकाणी त्याच्या नकळत ते काढून घेतलं जातं. ज्या प्रौढ मताधिकाराची मागणी बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे केली, तोच हा हक्क.

हे आपल्यालाही लागू आहे. २०२४ ला आमच्या खडवलीत २० मे रोजी मतदान झालं. त्याआधी कसारा लोकलमध्ये रोज एकच विषय, संविधान बदलणार. त्या गलक्यात तीन चिजा एकत्र कालवल्या गेल्या होत्या. पहिली : भाजपचे खासदार अनंतकुमार हेगडे यांनी मार्च २०२४ मध्ये संविधान बदलायला चारशे जागा पाहिजेत असं म्हटलं. ही वस्तुस्थिती. पक्षाने ते त्यांचं वैयक्तिक मत ठरवलं, हीसुद्धा वस्तुस्थिती. दुसरी : यांना बहुमत दिलं तर आरक्षणाला धोका आहे. हा आपला अंदाज. तो छातीठोक मांडावा, पण अंदाज म्हणूनच. तिसरी : अमित शहांची एक चित्रफीत. तेलंगणातल्या सभेत ते मुस्लिम आरक्षण रद्द करण्याविषयी बोलले होते. काटछाट करून ते अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींचं आरक्षण संपवणार असं दाखवलं गेलं. ही थाप. मूळ भाषणावर टीका करायला जागा नव्हती काय? भरपूर होती. मग कात्री कशाला लावली?

निकालानंतर दुसऱ्या बाजूने 'खोटा नॅरेटिव्ह' अशी हाकाटी सुरू झाली. हेगडेंचं बोलणं तर खोटं नव्हतं. पण एका बनावट चित्रफितीमुळे शंभर खऱ्या प्रश्नांना खोटं म्हणायची सोय झाली. थापेची किंमत ही अशी चुकती होते.

कायद्याचं जाळं मोठ्या भोकांचं आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(४) उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी जाणूनबुजून केलेलं खोटं विधान पकडतं. धोरणाविषयीची थाप त्यातून निसटते. कलम १२७ क प्रमाणे पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. आदल्या रात्री दाराखालून सरकवलेल्या कागदावर तो असतो का, बघा कधी.

एक पोरगा मला म्हणाला, सम्यक वाचा म्हंजे कुणाचं वाईट बोलायचं नाही, मग टीका तरी कशी चालेल? प्रश्न खरा आहे. पण अभयराजकुमार सुत्तात बुद्धाने सांगितलंय की खरं आणि हिताचं असेल तर तथागत ते कडू असलं तरी योग्य वेळ पाहून बोलतात, आणि खोटं असेल तर ते गोड असलं तरी बोलत नाहीत. कसोटी कडू-गोडाची नाही. शिवीगाळ, चहाडी यांना तिथे थारा नाही. पुराव्याने विचारलेला जाब म्हणजे चहाडी नव्हे.

दुसरा म्हणतो, ते रोज खोटं बोलतात, आपणच का हरिश्चंद्र व्हायचं? अरे, त्यांची थाप उघडी पडली तर ते पैशाने दुसरी विकत घेतील. तू वस्तीत जातोस तेव्हा तुझ्यापाशी फक्त शब्द असतो. तो एकदा बुडाला की उद्या खऱ्या अत्याचाराची बातमी घेऊन गेलास तरी तुझीच आई विचारील, हेपण मोबाईलवरलंच का रे?

म्हणून पत्रक काढा. झणझणीत काढा. कुणाची भीड ठेवू नका. फक्त छापण्याआधी अख्खं भाषण ऐका, आकडा दोनदा तपासा, अंदाजाला अंदाज म्हणा. आणि खाली स्वतःचं नाव घालायची छाती होत नसेल तर तो कागद फाडून टाका.