न गळलेल्या छताचे फळ

कर्माचे फळ म्हणजे पूर्वी नसलेले काहीतरी नव्याने उत्पन्न होणे, अशी समजूत लोकव्यवहारात आणि शास्त्रविचारातही खोलवर रुजलेली आहे. पेरल्याने धान्य येते, बांधल्याने घर उभे राहते आणि यज्ञाने स्वर्ग मिळतो असे म्हणताना ही समजूत गृहीतच धरलेली असते. परंतु मानवी श्रमांचा फार मोठा भाग या व्याख्येत बसत नाही, कारण तो सफळ झाला म्हणजे डोळ्यांना दिसेल असे काहीच घडत नाही. इमारतीच्या छताची निगा हे अशा श्रमांचे अत्यंत शुद्ध उदाहरण आहे, कारण वर्षानुवर्षे केलेल्या तपासणीचे आणि दुरुस्तीचे एकमेव फळ म्हणजे छत गळले नाही एवढेच असते. जे घडले नाही त्याला फळ म्हणता येते काय, आणि येत नसेल तर असे कर्म कोणत्या आधारावर कर्तव्य ठरते, हा प्रश्न वरवर व्यावहारिक दिसला तरी मीमांसक, नैयायिक आणि वेदान्ती यांनी नित्यकर्माच्या निमित्ताने तो फार गांभीर्याने चर्चिला आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी उत्तर अमेरिकेतील शाळा, गोदामे, रुग्णालये आणि कचेऱ्या यांच्यावर १९६० च्या दशकापासून पसरल्या जाऊ लागलेल्या रबरी छताची रचना समजून घेणे उपयुक्त ठरते. हे छत ‘ईपीडीएम’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृत्रिम रबराचे असते, त्याची जाडी साधारणपणे १.१ ते २.३ मिलिमीटर असते, आणि लोखंडी पत्र्यावर किंवा काँक्रीटवर उष्णतारोधक पाट्यांचा थर देऊन त्यावर ही रबरी चादर चिकटवली, खिळवली किंवा गोट्यांच्या भाराने दाबून ठेवली जाते. नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या मुख्य साखळीत द्विबंध असतात आणि हवेतील ओझोन वायू नेमका त्यांच्यावर आघात करतो, म्हणून ते रबर उघड्यावर लवकर चिरते. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत असे द्विबंध नसल्यामुळे ते ओझोनला दाद देत नाही, आणि त्यात मिसळलेली काजळी सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करते. गंधकादी द्रव्यांनी रेणूंच्या साखळ्या एकमेकींशी कायमच्या बांधून टाकण्याच्या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. या क्रियेतून गेलेली चादर पुन्हा वितळत नाही, आणि म्हणूनच तिचे दोन तुकडे उष्णतेने एकजीव करता येत नाहीत. ज्या गुणामुळे ती टिकाऊ ठरते त्याच गुणामुळे तिचा सांधा पराधीन राहतो, कारण तो सांधण्यासाठी आधी द्रवरूप चिकटद्रव्ये वापरावी लागली आणि पुढे त्यांची जागा खास चिकटपट्ट्यांनी घेतली.

त्यामुळे असे छत सहसा मध्यभागी निकामी होत नाही. ते सांध्यांवर, कठड्याशी चादर वर वळवलेल्या जागी, नळ आणि धुराडी छतातून बाहेर पडतात त्या भोवताली, आणि पाणी वाहून नेणाऱ्या निचऱ्याच्या तोंडाशी निकामी होते. चादर वर्षानुवर्षांत किंचित आकसते आणि कठड्यापासून ताणली जाते, थंडीत गोठलेले पाणी प्रसरण पावून सैल कडा अधिक उचलते, आणि वावटळीत उडालेला एखादा खिळा किंवा कारागिराच्या हातून पडलेले हत्यार न दिसणारे भोक पाडून जाते. शिवाय आत शिरलेले पाणी सरळ खाली उतरत नाही. ते उष्णतारोधक थरातून आणि पत्र्याच्या पन्हाळ्यांतून आडवे वाहत जाऊन मूळ छिद्रापासून कित्येक फूट दूर डागाच्या रूपाने प्रकट होते. न्यायदर्शनात कार्यावरून कारण ओळखण्याच्या अनुमानाला ‘शेषवत्’ असे नाव आहे आणि नदीला आलेला पूर पाहून वरच्या प्रदेशात पाऊस झाला असला पाहिजे असे ओळखणे हे त्याचे परंपरागत उदाहरण आहे; छताच्या गळतीचा शोध हे त्याच अनुमानाचे कठीण रूप होय, कारण येथे प्रवाहाचा मार्गच दृष्टीआड असतो.

धर्मशास्त्र आणि मीमांसा यांनी कर्मांची जी विभागणी केली आहे ती या कामाला आश्चर्यकारक नेमकेपणाने लागू पडते. ज्याची इच्छा असेल त्यानेच करावयाचे ते काम्य कर्म, आणि नवी इमारत बांधणे हे त्या स्वरूपाचे आहे. विशिष्ट प्रसंग उद्भवल्यावर करावयाचे ते नैमित्तिक कर्म, आणि मोठ्या वादळानंतर किंवा गारपिटीनंतर छतावर जाऊन पाहणी करणे हे तसे आहे. दोष घडून गेल्यावर त्याच्या निवारणासाठी करावयाचे ते प्रायश्चित्त, आणि फाटलेली जागा स्वच्छ करून, तिच्यावर प्राइमर लावून, गोल कोपऱ्यांचे ठिगळ रुळाने दाबून बसवणे हे त्या वर्गात येते. संध्यावंदनासारखे जे नियमाने करावयाचेच, ज्याच्या आचरणाने वेगळे फळ सांगितलेले नाही, परंतु जे न केल्यास दोष लागतो, ते नित्यकर्म. निचऱ्याच्या तोंडाशी साचलेली पाने काढणे, वर्षातून निदान दोनदा, हिवाळ्याच्या आधी आणि नंतर, प्रत्येक सांध्यावरून हात फिरवून पाहणे, आणि पावसानंतर ४८ तास उलटूनही कोठे पाणी साचून राहते काय याची नोंद ठेवणे, ही छताची नित्यकर्मे होत.

नित्यकर्माच्या फळाविषयी शास्त्रकारांत तीव्र मतभेद आहेत. प्रभाकराच्या अनुयायांच्या मते वेदाची आज्ञा आहे एवढेच कारण नित्यकर्माला पुरेसे असून त्यात फळाची अपेक्षा आणणेच अनुचित आहे, तर कुमारिल भट्टाच्या परंपरेने पापक्षय किंवा प्रत्यवायाचा परिहार, म्हणजे कर्म न केल्याने लागणाऱ्या दोषाचे टळणे, हे त्याचे प्रयोजन मानले आहे. या दुसऱ्या मताच्या मुळाशीच शंकराचार्यांनी गीतेच्या चौथ्या अध्यायावरील भाष्यात हात घातला आहे. कर्म न करणे हा अभाव आहे, प्रत्यवाय ही भावरूप वस्तू आहे, आणि अभावातून भाव उत्पन्न होऊ शकत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. तैत्तिरीयभाष्यातही न करणे हे दोषाचे कारण नसून आधीच साचलेल्या दुरिताचे केवळ चिन्ह आहे, असे ते प्रतिपादतात.

हा आक्षेप छताला लावून पाहिला म्हणजे त्याचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. कोणी छतावर गेले नाही एवढ्या अभावाने भोक पडत नाही, हे खरेच आहे; भोक पडते ते ऊन, वारा, हिम आणि चिकटद्रव्याचे जुने होणे या भावरूप कारणांनी. परंतु ही कारणे आधीपासूनच सज्ज असतात, आणि नैयायिकांच्या मते कार्य घडण्यासाठी कारणांबरोबर प्रतिबंधकाचा, म्हणजे त्या कार्याला अडवणाऱ्या वस्तूचा, अभावही आवश्यक असतो. अग्नी आणि इंधन एकत्र असूनही विशिष्ट मणी जवळ असेल तर दाह होत नाही, असे त्यांचे उदाहरण आहे. निगा राखणाऱ्याचे कर्म हा तो मणी आहे. त्याचे न करणे स्वतः काही उत्पन्न करीत नाही, पण जे उत्पन्न होण्यास टपलेले आहे त्याची वाट मोकळी करते, आणि ही वाट मोकळी होणार हे जाणूनही जो स्वस्थ बसतो त्याचे न करणे निव्वळ अभाव राहत नाही, तर ती एक निवड ठरते. शंकराचार्यांचे चिन्हाविषयीचे म्हणणेही येथे वेगळ्या अर्थाने खरे ठरते, कारण छताच्या कोपऱ्यात साचून राहिलेला पालापाचोळा पाहिला म्हणजे त्या इमारतीच्या इतर न दिसणाऱ्या भागांविषयीची अनास्थाही अनुमानाने कळते.

तरीही फळाचा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि त्याचे सर्वांत समाधानकारक उत्तर अभावाच्या प्रकारांत सापडते. न्यायवैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार मानले असून त्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत: वस्तू उत्पन्न होण्यापूर्वी तिचा जो अभाव असतो तो प्रागभाव, आणि वस्तू नष्ट झाल्यानंतर तिचा जो अभाव राहतो तो प्रध्वंसाभाव. प्रागभावाला आरंभ नसतो पण अंत असतो, आणि तो एकदा संपला की पुन्हा येत नाही. कधीच न गळलेले छत आणि गळती बंद केलेले छत ही दोन्ही आज सारखीच कोरडी दिसत असली तरी पहिल्यात गळतीचा प्रागभाव आहे आणि दुसऱ्यात प्रध्वंसाभाव, आणि हा भेद केवळ तर्काचा नाही. दुसऱ्या छताच्या रबराखालचा उष्णतारोधक थर ओला झालेला असतो, वरून चादरीने झाकल्यामुळे तो सहजासहजी वाळत नाही, त्याचा उपयोग घटतो आणि त्याखालचा पत्रा गंजू लागतो. शंकराचार्यांनीच गीतेच्या नवव्या अध्यायावरील भाष्यात योग म्हणजे न मिळालेल्याची प्राप्ती आणि क्षेम म्हणजे मिळालेल्याचे रक्षण असा विवेक केला आहे, आणि फळ या कल्पनेत योगाबरोबर क्षेमालाही स्थान दिले की अडचण दूर होते. नित्यकर्म प्रागभाव उत्पन्न करीत नाही, कारण तो अनादी आहे. ते त्याचे परिपालन करते, आणि जे एकदा गेले की कोणत्याही प्रायश्चित्ताने परत येत नाही त्याचे परिपालन हे कोणत्याही नव्या प्राप्तीपेक्षा कमी मोलाचे फळ म्हणता येत नाही.

यावर अनित्यतेच्या बाजूने आक्षेप येतो की, सर्व घडलेले मोडणारच असेल, वीस-तीस वर्षांनी हे छत काढून टाकावेच लागणार असेल, तर त्याच्या सांध्यांवर इतका जीव लावणे हा मोहच नव्हे काय? बौद्ध परंपरेचा आचार या आक्षेपाला सर्वांत चांगले उत्तर देतो. अनित्यतेचा सिद्धांत जिने सर्वाधिक निकराने मांडला त्याच परंपरेच्या विनयात, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांत, विहारांच्या बांधकामाची आणि डागडुजीची देखरेख करणाऱ्या ‘नवकम्मिक’ भिक्षूची योजना आहे. दुरुस्तीची गरज मुळात अनित्यतेमुळेच भासते. जी वस्तू अविनाशी आहे असे वाटते तिच्याकडे कोणी पाहायलाही जात नाही, आणि ‘आजन्म न गळणारे छत’ असल्या वचनांवर विसंबणारा माणूस अनित्यता मान्य करणारा नसून नाकारणारा असतो. अनित्यतेचे हेच ज्ञान कोठे थांबावे हेही शिकवते: खालचा थर भिजून गेलेला असताना त्यावर नवी चादर पसरणे म्हणजे दोष झाकणे होय, आणि अमेरिकेतील बांधकामसंहितांनी साधारणतः छताच्या आवरणाचे दोनच थर मान्य करून त्यापुढे जुने उकलण्यास भाग पाडले आहे, त्यामागे हीच दृष्टी आहे. सदिच्छाही ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही, कारण डांबरी लेप हाताशी आहे म्हणून तो ईपीडीएमवर फासला तर त्यातील खनिज तेले रबराला फुगवून निकामी करतात, आणि प्रायश्चित्तच नवा दोष होऊन बसते.

निगा राखणाऱ्याच्या अधिकाराचा आणि मानाचा प्रश्नही धर्मविचाराला परका नाही. विष्णुस्मृतीत विहिरी, बागा, तळी आणि देवालये यांची पुन्हा दुरुस्ती करणाऱ्याला मूळ निर्मात्याचेच फळ मिळते असे सांगितले आहे. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिलालेखात महाक्षत्रप रुद्रदामन याने शके ७२, म्हणजे इ.स. १५० च्या सुमारास, वादळाने फुटलेला सुदर्शन तलावाचा बांध पुन्हा बांधल्याची हकीकत आहे. भगदाड ४२० हात लांब होते, अमात्यांनी काम अशक्य मानून विरोध केला होता, तरी प्रजेवर कर किंवा वेठ न लादता राजाच्या कोशातून ते पुरे झाले, आणि मुख्य म्हणजे त्याच लेखात मूळ तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या काळी पुष्यगुप्ताने बांधला आणि अशोकाच्या काळी तुषास्फाने त्याला कालव्यांनी संपन्न केले याचा आदराने उल्लेख आहे. पुढे स्कंदगुप्ताच्या काळात बांध पुन्हा फुटला आणि चक्रपालिताने तो पुन्हा उभारला. आज तलाव राहिलेला नाही, पण निर्माता आणि दुरुस्तीकार यांची नावे एकाच शिळेवर कोरण्याची ती न्यायबुद्धी आजच्या इमारतींच्या कोनशिलांवर सहसा आढळत नाही. ज्यांच्या हातांनी छते टिकतात ते कारागीर अनामिक राहतात, आणि उंचावरून पडणे हे अमेरिकेतील बांधकाम कामगारांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण असल्यामुळे त्यांच्या कमरेचा सुरक्षापट्टा हा खर्चाचा विषय नसून छताच्या धर्माचाच भाग मानला पाहिजे.

महाराष्ट्रात रबरी चादरीपेक्षा विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि डांबरी आवरणे अधिक प्रचलित असली तरी कर्तव्याचे स्वरूप तेच आहे, आणि येथील सहकारी गृहनिर्माण संस्थांत ते विशेष कसोटीला लागते, कारण गच्ची सर्वांची असते आणि गळती मात्र वरच्या मजल्यावरील कुटुंबाच्या वाट्याला येते. संस्थांच्या आदर्श उपविधींनी गच्चीची गळती थांबवणे हे संस्थेचे काम ठरवले आहे, आणि त्यासाठी दुरुस्ती व देखभाल निधी सदनिकेच्या बांधकामखर्चाच्या किमान ०.७५ टक्के व सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के दरवर्षी जमा करण्याची तरतूद केली आहे. असा निधी राखण्याची कल्पना येथे जुनीच आहे: नाशिकच्या लेण्यांत उषवदात नावाच्या दात्याने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दलाला कधी हात न लावता केवळ व्याज खर्चावयाची ठेव, विणकरांच्या श्रेणींकडे भिक्षूंच्या वस्त्रादी गरजांसाठी सोपवल्याचा लेख आहे. दानाचे खरे मोल देण्याच्या क्षणात नसून त्यानंतरच्या प्रत्येक वर्षात आहे, ही जाण त्यात दिसते, आणि सिंकिंग फंडाला सभासद कटकटीची वर्गणी न मानता या जाणिवेने पाहतील तर त्याचे धर्मरूप त्यांच्या ध्यानात येईल.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की, नित्यकर्माचे फळ नाही असे म्हणणे जितके अपुरे तितकेच त्याचे फळ दृश्य असले पाहिजे असे म्हणणेही अपुरे आहे. न घडलेले अनिष्ट हे खरे फळ आहे, परंतु ते मोजता येत नाही, दाखवता येत नाही आणि त्याचे श्रेय कोणी देत नाही. म्हणूनच ते कर्म फलासक्तीवर उभे राहू शकत नाही आणि ज्ञान, नियम व परस्परांविषयीची आस्था यांच्यावरच उभे राहते. निष्काम कर्माचा उपदेश सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे असे वारंवार म्हटले जाते, परंतु जो समाज आपल्या छतांची, पुलांची आणि पाणवठ्यांची निगा राखणाऱ्यांना वेळेवर वेतन, साधने आणि मान देतो तो त्या उपदेशाला संस्थेचे रूप देत असतो, आणि जो केवळ नव्या बांधकामांचे समारंभ करतो त्याला आपल्याच पूर्वकर्माचे क्षेम पेलत नाही असे म्हणावे लागते.